गिधाड संवर्धनाचा इतिहास : संशोधन, बंदिस्त प्रजनन आणि औषधबंदी

प्रस्तावना

भारतात १९८० च्या दशकापर्यंत गिधाड हा सर्वत्र आढळणारा पक्षी होता. गावाबाहेर टाकलेले मृत जनावर अल्पावधीत फस्त करणारा हा पक्षी लोकमानसात अशुभ मानला गेला, तरी ग्रामीण स्वच्छतेचा भार तोच वाहत होता. मुंबईतील पारशी समाजाचा अंत्यविधीही त्याच्यावर अवलंबून होता. मात्र १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांची एकत्रित संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. या तीन जातींना वाचविण्यासाठी झालेले संशोधन आणि बंदिस्त प्रजनन यांच्या परस्परसंबंधाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कारणाचा शोध

राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम नोंदविली. प्रारंभी एखाद्या संसर्गजन्य रोगाचा संशय होता. २००४ मध्ये डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासाच्या आधारे खरे कारण पुढे आणले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जात होते. त्यामुळे त्यांचे मूत्रपिंड निकामी होई व अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचा थर साचे. दर शंभर मृत जनावरांपैकी एकाहून कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढी घट होण्यास ते पुरेसे ठरते, असेही गणिती अभ्यासातून स्पष्ट झाले.

प्रजनन केंद्रांची उभारणी

हरियाणा वन विभाग व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी पिंजोर येथे २००१ मध्ये सुरू केलेल्या गिधाड शुश्रूषा केंद्राचे २००४ मध्ये प्रजनन केंद्रात रूपांतर झाले. पुढे पश्चिम बंगालमधील राजाभातखावा, आसाममधील राणी व मध्य प्रदेशातील भोपाळ येथेही केंद्रे उभी राहिली. हे कार्य संयमाची परीक्षा पाहणारे होते. गिधाड सुमारे पाच वर्षांनी प्रजननक्षम होते आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. नर-मादी दिसण्यात सारखेच असल्याने लिंगनिश्चितीसाठी जनुकीय चाचणी करावी लागते. पहिले अंडे काढून कृत्रिमरीत्या उबविल्यास जोडी दुसरे अंडे घालू शकते. या पद्धतीचाही उपयोग करण्यात आला. पक्ष्यांना औषधमुक्त मांस मिळावे म्हणून शेळ्या काही दिवस देखरेखीखाली ठेवल्या जात. २००८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची, तर २००९ मध्ये बारीक चोचीच्या गिधाडाची पिल्ले यशस्वीपणे वाढली.

औषधबंदी आणि मुक्तता

केंद्रातील पक्षी निसर्गात सोडण्यासाठी बाहेरील अन्न विषमुक्त असणे अनिवार्य होते. गिधाडांना सुरक्षित असणाऱ्या मेलॉक्सिकॅमचा पर्याय संशोधनातून उपलब्ध झाला आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तथापि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतील औषध गुरांना टोचले जातच राहिले. म्हणून २०१५ मध्ये बाटलीचे आकारमान ३ मिलिलिटरपुरते मर्यादित करण्यात आले. दरम्यान अन्य औषधेही घातक आढळली. त्यांपैकी ॲसिक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होते. ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३ मध्ये बंदी आली.

या पार्श्वभूमीवर २०२० मध्ये पिंजोर येथे पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे मुक्त करण्यात आली. २०२४ मध्ये तेथील वीस गिधाडे महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली. सोडलेल्या पक्ष्यांच्या पाठीवरील उपग्रह-संदेशयंत्रामुळे त्यांचा प्रवास समजतो आणि मृत्यूचे कारण शोधण्यासही साहाय्य होते.

निष्कर्ष

बंदिस्त प्रजननाने या तीन जातींना अवधी मिळवून दिला. त्या अवधीचे सार्थक मात्र केंद्राच्या भिंतींबाहेर ठरते. शेकडो किलोमीटर फिरणाऱ्या पक्ष्याला अभयारण्याची सीमा ठाऊक नसते, त्यामुळे पशुपालकाच्या गोठ्यातील औषधाची निवड त्याच्या अस्तित्वाशी थेट निगडित आहे. प्रत्येक नवे पशुवैद्यकीय वेदनाशामक बाजारात येण्यापूर्वी गिधाडांच्या दृष्टीने तपासले जाणे, हा या इतिहासाचा मुख्य बोध होय.