साखळी करवतीची धार

साखळी करवतीवरील कर्तक दात्यांची बोथट झालेली कड पुन्हा तीक्ष्ण करण्याची क्रिया. हे काम गोल कानशीने हाताने किंवा अपघर्षक चाक असलेल्या यंत्राने करतात. कानस की चाक, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा वाटतो; परंतु धार लावण्याचे कसब जंगलातील लाकूडतोड्याच्या हाती असावे की कर्मशाळेच्या, हा त्यातील जुना मुद्दा आहे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जंगलांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचंड वृक्ष दोन माणसांनी ओढावयाच्या लांब करवतीने पाडीत. तिचे काही दाते लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंनी तोडीत, तर त्यांच्यामधील किंचित आखूड दाते सुटलेला कीस खरवडून बाहेर काढीत. हे दाते नेमके किती आखूड ठेवावयाचे, यावर करवतीची चाल अवलंबून असे. त्यामुळे छावणीत धार लावणारा स्वतंत्र कारागीर व त्याच्यासाठी वेगळी झोपडी असे. त्याचा हात चुकला, तर ओढणाऱ्या दोघांचे दिवसभराचे श्रम वाया जात.

जर्मनीत आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. १९२७ मध्ये एमील लेर्प यांनी थुरिंजियातील डोल्मार डोंगरावर पेट्रोल एंजिनाच्या करवतीची चाचणी घेतली. शक्ती बदलली, पण दाते जुन्या करवतीचेच राहिले. निरनिराळ्या घडणीच्या त्या दात्यांना धार लावणे वेळखाऊ व कसबाचे होते. ही अडचण ऑरेगन राज्यातील जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याने दूर केली. १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी त्याच्या पाहण्यात आली. ती आपल्या जबड्यांनी लाकूड डावीउजवीकडे कापीत सहज पुढे सरकत होती. त्यावरून त्याने आकड्यासारखे वळलेले, आलटून पालटून डावे व उजवे दाते असलेली साखळी बनविली आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे तिचे उत्पादन सुरू केले. या दात्याची आतील बाजू गोलाकार असल्याने एकाच गोल कानशीने ती उजळता येते. धार लावणारा कारागीर आता अपरिहार्य राहिला नाही. लाकूडतोड्या ओंडक्यावर बसून स्वतःच हे काम करू लागला.

साखळीच्या मापानुसार कानशीचा व्यास सामान्यतः ४, ४·८ किंवा ५·५ मिमी. असतो. दात्याच्या माथ्याचा कोन बहुधा २५° ते ३५° ठेवतात. कानस दात्याच्या आतून बाहेर ढकलावी लागते व परतताना उचलून घ्यावी लागते. दात्याच्या बाहेरील पृष्ठभागावर क्रोमियमाचा पातळ, कठीण थर असतो. कापणारी कड याच थराची असल्यामुळे बोथट व खरचटलेला भाग पूर्ण निघेपर्यंत घासणे आवश्यक असते. वेळच्या वेळी धार लावल्यास दोन-तीन घासे पुरतात. दात्यापुढील खोली-मर्यादक उंचवटाही सपाट कानशीने दात्यापेक्षा सु. ०·६५ मिमी. खाली ठेवतात, तो फार घासला गेला, तर करवत हिसके देते. हाताच्या कामातील मुख्य दोष असा, की एका बाजूला जोर अधिक पडतो, डावे व उजवे दाते असमान होतात आणि काप वाकडा जातो.

हा दोष चाकाच्या यंत्राने टळतो. कोन व लांबी एकदा ठरविली, की सर्व दाते सारखे होतात. दगडावर वा खिळ्यावर आपटून मोडलेली साखळी तर यंत्रावरच लवकर सुधारते. मात्र सर्व दाते सर्वांत आखूड दात्याच्या मापाला आणावे लागत असल्याने चांगल्या दात्यांचीही झीज होते. याहून गंभीर धोका उष्णतेचा आहे. चाक क्षणभर अधिक टेकले, तरी पातळ कड निळी पडते, पोलादाचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. कधी तापलेला भाग झटकन निवून इतका कठीण व ठिसूळ होतो, की नंतर त्यावर कानस नुसती घसरते. म्हणून जाणता कारागीर चाक वारंवार उजळतो आणि दात्याला थोडाथोडा स्पर्श करून थांबतो. अनेक लाकूडतोडे रोजच्या कामाला कानस वापरतात व साखळी फार बिघडली तरच ती यंत्रावर देतात. कापाचा वाकडेपणा आणि जळलेली कड यांपैकी पहिला दोष जंगलातच सुधारता येतो, हे यामागील कारण असावे.

कार्बाइडाची टोके बसविलेल्या साखळ्या बचावकार्यात व मातीने माखलेले लाकूड कापण्यासाठी वापरतात. त्यांच्यावर पोलादी कानस चालत नाही; हिऱ्याच्या कणांचे चाक लागते व साखळी पुन्हा कर्मशाळेतच पाठवावी लागते.