मुंबईच्या ट्रामगाडीचे अवशेष : एक टिपण

एखादी लोकोपयोगी व्यवस्था अस्तंगत झाली म्हणजे तिच्या खुणा प्रथम वस्तूंमध्ये शोधण्याकडे अभ्यासकाचा कल असतो. मुंबईच्या ट्रामचा दाखला मात्र निराळा आहे. येथे लोखंडापेक्षा अक्षरे अधिक टिकली.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे आरंभीचे मार्ग होत. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १९२६ मध्ये सुरू झालेल्या मोटारबसने हळूहळू तिची जागा घेतली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेलेली गाडी शेवटची ठरली.

भौतिक अवशेष थोडे आहेत. फ्लोरा फाउंटनच्या परिसरात २०१७-१८ च्या सुमारास झालेल्या खोदकामात जुने रूळ उघडे पडले. यावरून, तेथे तरी रूळ उखडण्याऐवजी त्यांवरच रस्ता चढविला गेला होता, हे उघड होते.

याहून बोलके अवशेष दोन. दादरच्या खोदादाद सर्कलला लोक आजही 'दादर टी. टी.' म्हणतात, ही अक्षरे 'ट्राम टर्मिनस'ची होत. दुसरा अवशेष 'बेस्ट' या नावातच आहे. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीकडे वीजपुरवठा व ट्राम ही दोन्ही कामे होती. १९४७ मध्ये महापालिकेने ती कंपनी ताब्यात घेतल्यावर नावातील 'ट्रामवेज' जाऊन 'ट्रान्सपोर्ट' आले. आद्याक्षर तेच राहिले, अर्थ पालटला. बस चालविणारी संस्था शहर विभागात वीजही पुरविते, या वरवर विचित्र दिसणाऱ्या संयोगाचे मूळ त्या विजेच्या ट्राममध्येच आहे.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. ही अक्षरे टिकली, याचा अर्थ स्मृती टिकली असा नव्हे. 'टी. टी.' म्हणणाऱ्या प्रवाशाला ट्राम आठवतेच असे नाही. किंबहुना अर्थ विचारला जात नाही म्हणूनच नाव निर्वेध चालते. अर्थ हरपलेली खूण हा पुरावा नव्हे, ती केवळ पुराव्याची शक्यता होय. १९६४ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. रूळ डांबराखाली आणखी काही काळ वाट पाहू शकतील. या साक्षीदारांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. म्हणून त्यांच्या आठवणींची नोंद हेच या विषयातील पहिले कर्तव्य ठरते.