शब्दवेध : मडलर
‘चिखल ढवळणे, गढूळ करणे’ या अर्थाच्या ‘मडल’ या इंग्रजी क्रियापदापासून, ज्याचे मूळ बहुधा मध्ययुगीन डच भाषेत आहे, ‘मडलर’ हे नाम झाले आणि ते उत्तर अमेरिकेतील नद्यांच्या तळाशी दगडांआड दडणाऱ्या स्कल्पिन या रुंद डोक्याच्या छोट्या माशाला चिकटले. मिनेसोटाच्या डॉन गेपेन यांनी १९३६ च्या सुमारास कॅनडातील निपिगॉन नदीतले ब्रूक ट्राउट मासे पकडण्यासाठी स्कल्पिनची नक्कल करणारा ‘मडलर मिनो’ हा स्ट्रीमर, म्हणजे पाण्याखालून खेचत आणायचे पिसाकेसांचे लांबट आमिष, बांधला. हरणाचे पोकळ केस गळाच्या दांडीवर दोऱ्याने आवळताच चहूकडे फुलारतात, आणि ते कातरून त्याचे गोळीबंद डोके घडवले जाते. मिनो मात्र वेगळ्याच कुळातला मासा असल्याने हे जोडनाव, काटेकोरपणे पाहता, चुकीचेच आहे.