विसारापासून खरेदीखतापर्यंत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कार्यकारिणीचा निरोप आला, तेव्हा नोकरीभर हाताळलेला विषयच घ्यावा असे ठरवले. बँकेतली माझी बरीच वर्षे गृहकर्जाच्या टेबलावर गेली. घर घेणारा आणि विकणारा, दोघांचेही चेहरे जवळून पाहिले. व्यवहार ठरला की दोघांचीही झोप उडते. घेणाऱ्याला वाटते आपण जास्त मोजले, विकणाऱ्याला वाटते आपण स्वस्तात घालवले!

आपल्या कोल्हापुरात फ्लॅट हा प्रकार तसा उशिराचा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत घर म्हणजे वाडा किंवा त्यातला हिस्सा. सामाईक भिंत, सामाईक बोळ आणि उताऱ्यावर चार भावांची नावे. तीन भाऊ तयार असले तरी चौथा रुसला की व्यवहार अडला. विसार चार जाणत्या माणसांसमोर द्यायचा, पेढे वाटायचे. पितृपंधरवड्यात कुणी विसाराचे नाव काढायचे नाही. शब्दाला किंमत होती हे खरेच. पण शब्द देणारा माणूस गेला की त्याची मुले तो शब्द पाळतीलच असे नव्हते.

म्हणूनच कायद्याने कागद मागितला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. मालकी बदलते ती खरेदीखताने. हा फरक न समजल्यामुळे साठेखतावर निर्धास्त राहिलेली कितीतरी मंडळी मी पाहिली. वीस वर्षांनी घर विकायला काढले, की मूळ मालकाचे वारस शोधत गावोगाव फिरायची वेळ यायची.

फ्लॅटचा जमाना आला तेव्हा पेठेतले जुने लोक विचारायचे, “अहो, पण खालची जमीन कुणाची?” आम्ही हसण्यावारी न्यायचो. प्रश्न मात्र बिनतोड होता. आपल्याकडच्या जुन्या गृहनिर्माण संस्थांत तो फारसा उद्भवत नसे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत संस्था उभी राहिली. अशा संस्थांमध्ये लोक आधी एकत्र येत आणि मग घरे बांधत. पुढे उलटे झाले. बिल्डर आधी इमारत बांधू लागला, गाळे विकू लागला आणि संस्था सगळ्यात शेवटी जन्माला येऊ लागली. आपलीही तशीच.

या उलट्या क्रमातून खरेदीदाराच्या डोक्याला नवे ताप सुरू झाले. ॲडव्हान्स देऊनही करार नाही, नकाशा एक आणि बांधकाम दुसरेच. त्यावर महाराष्ट्राने १९६३ साली ‘मोफा’ कायदा केला. करार नोंदवण्याआधी २० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला मनाई केली. २०१६ च्या ‘रेरा’ने ही मर्यादा १० टक्क्यांवर आणली आणि विक्री चटईक्षेत्रावरच करायला लावली. त्याआधी ‘बिल्टअप’, ‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली जिन्याचा आणि पॅसेजचाही हिशोब आपल्या माथी यायचा! कायद्याचे प्रत्येक कलम म्हणजे कुणाच्यातरी फसवणुकीची आठवण असते, असे मला नेहमी वाटते.

आता आपल्या घरचे. ‘मोफा’प्रमाणे, करारात वेगळी मुदत नसेल तर संस्था नोंद झाल्यापासून ४ महिन्यांत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची असते. यालाच कन्व्हेयन्स किंवा अभिहस्तांतरण म्हणतात. आपल्या संस्थेला २५ वर्षे झाली, तरी प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकाचेच नाव आहे. यात दोष कुणाचा, हे उगाळण्याची ही जागा नव्हे. पण उद्या इमारत पुन्हा बांधायची झाली, तर वाढीव बांधकामाचा हक्क जमीन ज्याच्या नावावर तोच सांगणार. २००८ पासून कायद्याने वाट काढून दिली आहे. समोरचा सही करत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करावा.

दुसरी गोष्ट वारसांची. आपल्यातले बरेच सभासद सत्तरी ओलांडलेले, मुले पुण्यात नाहीतर परदेशात. नॉमिनी नेमला की काम झाले, असा समज पक्का आहे. नॉमिनी मालक होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वारस कायद्याने ठरेपर्यंत तो केवळ तात्पुरता सभासद असतो. तेव्हा नॉमिनेशन करा आणि मृत्युपत्रही करा. मुलांना एकमेकांच्या दारात सह्यांसाठी उभे करू नका.

विक्रीचे ठरलेच, तर चार कागद एका फाईलमध्ये ठेवा : नोंदणीकृत करार, शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि घरफाळ्याची पावती. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेता येतो, त्यावर ‘देणगी’ कुणी मागू नये आणि कुणी देऊ नये. आणि हो, हल्लीचा गिऱ्हाईक दिशा विचारायच्या आधी “२०१९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?” असे विचारतो. खरे तेच सांगा. पंचगंगा काही आपल्याला विचारून वाढत नाही.

२५ वर्षांत आपण सुखदुःखे वाटून घेतली, लिफ्ट बंद पडल्यावर एकमेकांच्या पिशव्याही वर नेल्या. पेठेतल्या त्या जुन्या लोकांच्या प्रश्नाला मात्र आपण अजून उत्तर दिलेले नाही. येत्या वार्षिक सभेत कन्व्हेयन्सचा ठराव एकमताने व्हावा आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका जो कुणी लिहील, त्याला “खालची जमीन आमची” असे छातीठोकपणे लिहिता यावे, एवढीच इच्छा.