ब्रह्मदेशांतून परतलेलें अन्न

ब्रह्मदेशाचें नांव निघालें कीं मराठी माणसाला दोन वास्तू आठवतात. एक मंडालेचा तुरुंग. लोकमान्य टिळकांनीं १९०८ ते १९१४ अशीं जवळजवळ सहा वर्षें तेथें काढलीं आणि 'गीतारहस्य' तेथेंच लिहिलें. दुसरी वास्तू रत्नागिरीचा थिबा राजवाडा. मंडालेच्या गादीवरून उतरविलेल्या राजाला इंग्रजांनीं आधीं कांहीं महिने मद्रासेस आणि मग रत्नागिरीस ठेवलें. १९१६ सालीं तो तेथेंच वारला. आमचा एक पुरुष त्यांच्या मुलुखांत बंदिवान, त्यांचा एक आमच्या मुलुखांत, एवढ्यावर आमची ओळख बहुधा संपते. आज मी आपणांस ज्या ठिकाणीं नेणार आहें तें तुरुंग नव्हे आणि राजवाडाही नव्हे. ती चेन्नईची, म्हणजे जुन्या मद्रासेची, रस्त्याकडेची एक खाणावळ आहे. आणि खाणावळ हा शब्दही तिला जरा मोठाच होईल.

बंदराच्या बाजूस, बीच नांवाच्या रेल्वे स्टेशनाजवळ, एक लांबच लांब बाजार आहे. त्याला बर्मा बाजार म्हणतात. त्याच्या मागच्या रस्त्यावर दुपार उलटली कीं गाड्या लागतात. मी गेलों त्या गाडीपाशीं एक फळी आणि चार-सहा स्टुलें होतीं. परातींत नारिंगी रंगाच्या जाड शेवयांचा ढीग. भोंवतीं बारीक चिरलेला कोबी, तळलेला कांदा, चिंचेचा कोळ, लसणीचें तेल, मिरचीची पूड आणि डाळीच्या पिठाच्या कुरकुरीत पापड्या. गिऱ्हाईक आलें कीं गाडीवाला मूठभर शेवया भांड्यांत टाकतो, वर हें सर्व घालतो, पापडी चुरतो आणि हातानेंच कालवतो. चमच्यानें चव येत नाहीं, असें त्यानें मला सांगितलें. त्यांत तथ्य आहे, कारण या पदार्थाला 'अथो' म्हणतात आणि ब्रह्मी भाषेंत त्या शब्दाचा अर्थच मुळीं 'कालवलेलें' असा आहे. आपण दहीपोहे कालवतों, त्याच जातीचा हा प्रकार. बरोबर केळीच्या गाभ्याचें वाटीभर कढण मिळतें. मागितलें तर उकडलेलें अंडें चिरून, त्यांत तळलेला कांदा भरून देतात.

हें अन्न येथें आलें कसें, हा प्रश्न विचारला कीं शंभर-सव्वाशें वर्षांचा हिशेब उघडावा लागतो.

१८२६, १८५२ आणि १८८५ अशा तीन युद्धांत इंग्रजांनीं ब्रह्मदेश तुकड्यातुकड्यानें घेतला. शेवटच्या युद्धाला निमित्त झालें सागाच्या लांकडाचें. राजदरबारानें ज्या कंपनीला भारी दंड केला ती बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ सालीं आपल्या मुंबईसच स्थापन झालेली होती. देश जिंकल्यावर तो हिंदुस्थानचाच एक प्रांत करण्यांत आला, आणि १ एप्रिल १९३७ रोजीं तो वेगळा होईपर्यंत तेथें जाण्यास परवाना लागत नसे. मद्रासेहून आगबोटींत बसावें आणि रंगूनला उतरावें. भातशेती वाढत होती, गिरण्या वाढत होत्या, गोदीला हमाल हवे होते. तेलुगु, तमिळ, ओडिया, बंगाली, सर्व प्रकारचे लोक गेले. १९३१ च्या खानेसुमारींत ब्रह्मदेशांतील हिंदी लोकांची संख्या सुमारें १० लाख भरली, आणि ४ लाख वस्तीच्या रंगून शहरांत अर्ध्याहून अधिक माणसें हिंदी होतीं. स्वतःच्या राजधानींत आपणच अल्पसंख्य झालों, हें ब्रह्मी माणसाला कसें वाटलें असेल, याचा विचार आम्हीं फारसा केलेला नाहीं.

त्यांत चेट्टियार सावकारांची भर. ते शेतकऱ्याला भातपिकावर कर्ज देत. १९३० नंतर मंदी आली, भाताचा भाव कोसळला, कर्जें थकलीं आणि जमिनी सावकाराकडे गेल्या. खालच्या ब्रह्मदेशांतील मुख्य भातजिल्ह्यांत १९३० सालीं चेट्टियारांकडे सुमारें ६ टक्के जमीन होती. १९३८ पर्यंत ती २५ टक्क्यांवर गेली. या रागाला खोटा म्हणण्याचें धैर्य मला होत नाहीं. परंतु राग सावकारावर असला, तरी मार बहुधा हमालाला बसे. १९३० च्या मे महिन्यांत रंगूनच्या गोदींत तेलुगु हमालांनीं संप केला. मालकांनीं त्यांच्या जागीं ब्रह्मी मजूर आणले, आणि संप मिटतांच त्यांना परत घालवून दिलें. त्या अपमानांतून दंगा पेटला व पुष्कळ हमालांचे प्राण गेले. मालकांच्या केसालाही धक्का लागला नाहीं.

२३ डिसेंबर १९४१ रोजीं रंगूनवर जपानी बाँब पडले. त्यानंतरच्या कांहीं महिन्यांत चार-पांच लाख हिंदी लोक स्वदेशाकडे निघाले. त्यांतले बहुतेक पायीं. कोणी आराकानचा डोंगर ओलांडून चितगांवकडे गेले, कोणी तामूवरून मणिपुरांत उतरले. वाटेंत पटकी, हिंवताप व उपासमार यांनीं हजारों माणसें मेलीं. मणिपूरच्या बाजूस गोऱ्यांकरितां एक वाट आणि काळ्यांकरितां दुसरी, ही तक्रार तेव्हां हिंदुस्थानभर गाजली होती.

लढाई संपली आणि त्यांतले कितीतरी लोक परत गेले. याचें मला फार नवल वाटतें. ज्या वाटेवर आपलीं माणसें पुरलीं, तिच्या पलीकडे पुन्हां दुकान मांडायला निघावें! पण त्यांचें घर तेंच होतें. मुलें तेथेंच जन्मलीं होतीं. १९४८ च्या जानेवारींत ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. १९६२ च्या मार्चमध्यें सेनापति ने विन यांनीं सत्ता हातीं घेतली. १९६४ च्या मार्चपासून दुकानें सरकारजमा होऊं लागलीं, अगदीं लहान दुकानेंसुद्धां. आणि मे महिन्यांत ५० व १०० क्यातांच्या नोटा रद्द झाल्या. पेटींत ठेवलेला पैसा एका दिवसांत कागद झाला. हिंदुस्थान सरकारनें बोटी पाठविल्या. त्या व पुढील वर्षांत सुमारें ३ लाख लोक परतले. बंदरावर बायकांच्या अंगावरचे दागिनेही उतरवून घेतले, असें परत आलेले लोक सांगत.

त्यांतला मोठा भाग तमिळनाडूंत आला. ठिकठिकाणीं 'बर्मा कॉलनी' वसल्या. ज्या देशाची आपण प्रजा म्हणून परतलों, तो देश पुष्कळांनीं पूर्वीं पाहिलाही नव्हता. कांहींचें मन येथें रमेना. ते पायीं परत निघाले, मणिपूरच्या सरहद्दीपर्यंत पोंचले, आणि पलीकडच्या शिपायांनीं त्यांना अडविलें. सरहद्दीवरच्या मोरे गांवीं आजही त्यांची वस्ती व त्यांचें देऊळ आहे. चेन्नईंत परतलेल्यांसाठीं १९६९ सालीं बर्मा बाजार उभा राहिला, आणि त्याच्या आसपास या गाड्या लागल्या.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ब्रह्मदेशांतील सकाळचा आवडता पदार्थ मोहिंगा. तो माशांच्या कढणाचा. त्यांत गवती चहा, केळीचा गाभा आणि हरबऱ्याचें पीठ असतें. चेन्नईच्या माझ्या वाटींत गाभा होता, मासा नव्हता. अथोंतलें सुकें कोळंबीचें भुकटही गेलेलें. "तें घातलें तर निम्मीं गिऱ्हाइकें उठून जातील," गाडीवाला हिंदींत म्हणाला. त्याचे वडील बोटीनें आले. त्यानें स्वतः ब्रह्मदेश पाहिलेला नाहीं. आपल्या मुंबईंतल्या मोठ्या हॉटेलांतून 'खाव सुए' नांवाचा पदार्थ मिळतो, तोही तिकडचाच. नारळाच्या दुधांतल्या त्या शेवया चिनी मातीच्या भांड्यांतून येतात आणि बिल पाहून मनुष्य गप्प होतो. चव वाईट नसते. पण मला त्या गाडीवरची वाटी अधिक विश्वासाची वाटली.

शिवाय जें परत आलें तें निव्वळ ब्रह्मी होतें असेंही नव्हे. रंगूनच्या चहाच्या दुकानांत दुधाचा चहा, पराठा, समोसा हीं आमच्याच लोकांनीं नेलेलीं, आणि लोक गेले तरी तीं तेथें राहिलीं. पराठ्याला तेथें 'पलाटा' म्हणतात. समोसा तर कात्रीनें कापतात, त्यांत कांदा, कोबी व पुदिना घालतात आणि कालवतात. तोही एक अथोच.

हें मीं गाडीवाल्याला सांगितलें. त्याला तें ठाऊक नव्हतें. त्यानें क्षणभर हात थांबवला आणि विचारलें, "त्यांत चिंच घालतात का?" मीं होय म्हटलें. तो मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाच्या शेवया कालवूं लागला.