कराराचं पावित्र्य: दाभोळ ते स्नोहोमिश

ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये बेसबॉलचं एक मोठं स्टेडियम आहे. २००० साली ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं 'एन्रॉन फील्ड'. या नावासाठी एन्रॉनने ३० वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार केला होता. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचं दिवाळं वाजलं. गंमत म्हणजे नावाचे पैसे कंपनीने तोवर वेळेवर भरले होते. तरीही ॲस्ट्रोज संघ कोर्टात गेला आणि म्हणाला, या नावाने आमची बदनामी होते, आम्हाला यातून सोडवा. शेवटी २००२ मध्ये २१ लाख डॉलर मोजून संघाने ते नाव परत घेतलं. ३० वर्षांचा करार दोन वर्षांत संपला. त्यावरून 'अमेरिकेत कराराला काही किंमत नाही' असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

हे सांगायचं कारण असं, की भारतात सुट्टीवर गेलो की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "तुमच्याकडे कायद्याचं राज्य आहे रे, इथे सगळं राजकारण." आणि दाखला कशाचा? तर एन्रॉनचा. आपण करार मोडला आणि जगात आपली नाचक्की झाली, असं अनेक सुशिक्षित मराठी माणसं आजही मानतात. दुसरी बाजू म्हणते, परदेशी कंपनी लुटायला आली होती, हाकलली ते बरं झालं. मला दोन्ही अर्धवट वाटतात. एन्रॉनच्या गावातच राहात असल्यामुळे या कथेचा अमेरिकेतला भागही जरा नीट वाचला. तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

आधी आपल्याकडची गोष्ट थोडक्यात. १९९१ साली परकीय चलनाची तिजोरी रिकामी झाली होती. वीज क्षेत्र खाजगी आणि परदेशी कंपन्यांना खुलं झालं. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं महाराष्ट्रात आली आणि २० जूनला वीज मंडळाबरोबर सामंजस्य करारावर सही झालीसुद्धा. निविदा नाही, स्पर्धा नाही. जागा ठरली ती गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात. (दाभोळ हे गाव खरं तर वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्पाला नाव मात्र त्याचं मिळालं.) एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचे प्रत्येकी १० टक्के. जागतिक बँकेने १९९३ मध्येच सांगितलं होतं, की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, आम्ही पैसे देणार नाही. तरी ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदी करार झाला.

हा करार म्हणजे वकिली चिलखताचा उत्तम नमुना होता. वीज घ्या किंवा घेऊ नका, केंद्र सज्ज असलं की स्थिर आकार द्यायचाच, तोही ९० टक्के क्षमता धरून. दर डॉलरशी बांधलेला. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी. राज्याने थकवले तर केंद्र सरकारची प्रतिहमी. वाद झाला तर लवाद लंडनला. शिवाय गुंतवणूक मॉरिशसमार्गे. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूक संरक्षणाचा द्विपक्षीय करार नव्हता, मॉरिशसबरोबर पुढे १९९८ मध्ये तो झाला. त्याखेरीज ओपिक या अमेरिकन सरकारी संस्थेचा राजकीय जोखमीचा विमा. आम्ही इंजिनियर लोक एखादं यंत्र बिघडू नये म्हणून एकाला दोन, दोनाला तीन पर्यायी व्यवस्था ठेवतो, अगदी तसं.

पण एक गोष्ट या चिलखतात नव्हती. हा दर योग्य आहे का, हे उघड्यावर तपासणारी यंत्रणाच तेव्हा महाराष्ट्रात नव्हती. वीज नियामक आयोगाचा केंद्रीय कायदा आला १९९८ मध्ये आणि महाराष्ट्राचा आयोग १९९९ मध्ये. करारातली कलमंही सुरुवातीला जाहीर नव्हती. मग लोकांनी शंका मांडायची कुठे? एकच जागा उरली, निवडणुकीची सभा.

आणि तसंच झालं. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजली. युती सत्तेवर आली, गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने अहवाल दिला, आणि ३ ऑगस्ट १९९५ ला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याआधीच जूनमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने बजावलं होतं, की हा करार पाळला नाही तर भारतातल्या इतर खाजगी वीज प्रकल्पांनाही पैसा मिळणं अवघड होईल. याच वर्षी एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की भारतीयांना अशा प्रकल्पांबद्दल 'शिकवण्यावर' आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. महाराष्ट्रात या 'शिक्षणा'वर जो गदारोळ झाला तो अनेकांना आठवत असेल.

एन्रॉन लंडनच्या लवादाकडे गेली, राज्य सरकार भ्रष्टाचाराचा आरोप करत मुंबई उच्च न्यायालयात गेलं. आणि मग नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईत बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटल्या, आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प पुन्हा जिवंत झाला! क्षमता वाढून २१८४ मेगावॅट झाली, दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचं सांगण्यात आलं. फेरकरारानंतर सरकारने आपला भ्रष्टाचाराचा दावा काही पुढे नेला नाही, त्यामुळे आरोप सिद्धही झाला नाही आणि धुऊनही निघाला नाही. केंद्राच्या प्रतिहमीवर पुन्हा शिक्कामोर्तब केलं ते वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने, मे १९९६ मध्ये, अगदी जाता जाता. दरम्यान गुहागरात विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्यावर १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या न्यूयॉर्कच्या संस्थेने अहवाल काढला आणि कंपनीलाही त्यात जबाबदार धरलं.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, तोही नाफ्थ्यावर. मग गणिताने आपलं काम केलं. कराराच्या वेळी डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ पर्यंत ४७ झाला. तेल महागलं, नाफ्था महागला. मंडळ वीज कमी घेई, पण स्थिर आकार तोच, त्यामुळे युनिटमागे खर्च आणखी वाढे. २००० मध्ये काही महिन्यांत तो सात रुपयांच्या पुढे गेला. मंडळाने बिलं थकवली. एन्रॉनने राज्याची हमी वाजवली, मग फेब्रुवारी २००१ मध्ये केंद्राची प्रतिहमी. मंडळाने उलट ४०१ कोटींचा दंड लावला. त्याचं कारण माझ्यासारख्या इंजिनियरला फार आवडतं. केंद्र थंड अवस्थेतून तीन तासांत पूर्ण क्षमतेला येईल असं करारात लिहिलं होतं, आणि २८ जानेवारी २००१ ला ते आलं नाही. म्हणजे इतके मंत्री, राजदूत आणि वकील खपले, आणि शेवटी भांडण आलं एका तांत्रिक परिशिष्टावर. मे २००१ मध्ये मंडळाने चुकीची माहिती दिल्याचं कारण देऊन करार रद्द केला आणि महिनाअखेरीस केंद्र बंद पडलं. जूनमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधींकडे हा विषय काढला.

लक्षात घ्या, सही झाली काँग्रेसच्या राज्यात, रद्द केला युतीने, परत केला युतीने, आणि शेवटी मोडला तो काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारच्या काळात. म्हणजे हे एका पक्षाच्या लहरीचं काम नव्हतं. जो करार ग्राहकाला झेपतच नाही, तो पाळायला कुठलंच सरकार धजत नाही.

आता अमेरिका. त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, कॅलिफोर्नियात वीजटंचाई होती. घाऊक दर कित्येक पटींनी चढले, दिवे गेले, पीजी अँड ई ही बलाढ्य वीज कंपनी एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. घाबरलेल्या राज्य सरकारने २००१ मध्ये सुमारे ४३ अब्ज डॉलरचे दीर्घ मुदतीचे वीज करार केले. एका वर्षात बाजार खाली आला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये तेच कॅलिफोर्निया राज्य फेडरल ऊर्जा आयोगाकडे गेलं, की हे करार अन्यायकारक आहेत, रद्द करा किंवा बदलून द्या! पुढे त्यांतले बरेच करार वाटाघाटींनी बदललेही. ओळखीचं वाटतं ना?

त्याहून जवळचं उदाहरण वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोहोमिश या जिल्ह्याचं. तिथे वीज देणारी संस्था सार्वजनिक मालकीची आहे, आपल्या मंडळाची छोटी बहीण म्हणा. टंचाईच्या ऐन भरात, जानेवारी २००१ मध्ये, तिने एन्रॉनकडून महागडी वीज घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला. वर्षअखेर एन्रॉन बुडायला लागल्यावर तिने करार तोडला. दिवाळखोर एन्रॉनने तिच्याकडे जवळजवळ १२ कोटी डॉलर मागितले, न दिलेल्या विजेचे! कागदावर करार एन्रॉनच्या बाजूने होता. स्नोहोमिशच्या लोकांनी काय केलं? न्याय खात्याच्या ताब्यातल्या एन्रॉनच्या फोन संभाषणांच्या टेप मिळवल्या आणि त्या तास न् तास ऐकून लिहून काढल्या. त्यात एन्रॉनचे दलाल वीजग्राहकांच्या लुटीवर खिदळताना सापडले. २००४ मध्ये देशभर ते गाजलं. त्यांच्या सिनेटर मारिया कँटवेल यांनी २००५ च्या ऊर्जा कायद्यात एक कलम घालून घेतलं, की बाजारात लबाडी केलेल्या विक्रेत्याने अशी भरपाई मागितली तर ती वैध आहे का, हे ऊर्जा आयोगच ठरवेल. कलमात एन्रॉनचं नाव नव्हतं, पण अंगरखा बरोबर तिच्याच मापाचा शिवला होता. २००७ मध्ये १ कोटी ८० लाख डॉलरवर प्रकरण मिटलं.

हा कायदा झाला ऑगस्ट २००५ मध्ये. त्याच्या आदल्याच महिन्यात भारताने दाभोळ प्रकरण मिटवण्यासाठी जनरल इलेक्ट्रिकला १४ कोटी ५० लाख आणि बेक्टेलला १६ कोटी डॉलर मोजले होते. एकच विक्रेता, एकच माल, दोन ग्राहक.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे अमेरिका ढोंगी, संपला विषय. तसं मला म्हणायचं नाही. खरं तर अमेरिकन कायद्यात याची जागा १९५६ पासून आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी दोन निकालांत तत्त्व घालून दिलं, की वीज आणि गॅस यांचे करार योग्यच मानायचे, पण सार्वजनिक हिताला गंभीर बाधा येत असेल तर आयोगाला ते बदलता येतात. २००८ मध्ये स्नोहोमिशच्याच दुसऱ्या एका करारावरच्या खटल्यात न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा सांगितलं. बदलाची पायरी उंच आहे, पण पायरी आहे. तक्रार करायला दार आहे, पुरावा मागता येतो, सुनावणी होते. दिवाळखोरीच्या कायद्यातही बुडालेल्या कंपनीला नकोसे करार झटकता येतात, आणि कराराच्या पावित्र्याचे धडे जगाला देणाऱ्या एन्रॉनने स्वतः त्याच कायद्याचा आसरा घेतला होता.

म्हणजे फरक करार पाळण्या-मोडण्यात नाही. इथेही मोडतात, तिथेही मोडतात. फरक आहे तो दाराचा. महाराष्ट्राने दार बांधण्याआधीच घर विकायला काढलं. नियामक आयोग नाही, निविदा नाही, उघड सुनावणी नाही. मग एन्रॉनसारख्या कंपनीलाही वाटलं, की मंत्री बदलला तर नवीन मंत्र्याला भेटू. ती भेटलीही आणि काम झालंही, पण पाच वर्षंच टिकलं. २००१ मध्ये आपला आयोग होता, पण तोवर त्याचा आणि आपल्या न्यायालयांचा उपयोग लंडनचा लवाद अडवण्यासाठी अधिक झाला, आणि ती तक्रार परदेशी भागीदारांची खोटी नव्हती. तिथे आपली बाजू लंगडी पडली आणि किंमतही तिथेच मोजावी लागली.

पुढे जुलै २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि केंद्र पुन्हा चालू झालं, पण गॅसअभावी ते कधी धडपणे पूर्ण क्षमतेने चाललं नाही. २००३ च्या वीज कायद्याने स्पर्धात्मक निविदांचा रस्ता घालून दिला. २०१६ पासून भारताने मॉरिशससह बहुतेक देशांबरोबरचे जुने गुंतवणूक करार संपवायला घेतले. या सगळ्याच्या मागे अंजनवेलचा अनुभव थोडाफार तरी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी परदेशी कंपनी अब्जावधींची गुंतवणूक घेऊन आली आणि पेपरात मोठा फोटो झळकला, तर 'करार पाळला जाईल ना' हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला प्रश्न असा विचारा, की हा करार मला वाचायला मिळेल का, आणि पटला नाही तर कुठे जाऊन सांगायचं? त्याचं उत्तर जर 'पुढच्या निवडणुकीत' असं असेल, तर त्या कंपनीनेही सही करण्याआधी दोनदा विचार करावा.