दारातलं कुत्रं, कोठारातलं मांजर



गेल्या महिन्यात पुण्याहून नातीचा फोन आला. "आजी, आई-बाबा तयार झालेत. पण मांजर आणायचं की कुत्रं, ते तू ठरवायचं!" मागून सुनेचा आवाज, "आई, एकाने कुत्र्याचं पिल्लू सांगितलंय. चांगल्या जातीचं आहे, पंचवीस हजार म्हणतोय." मी म्हटलं, मला दोन दिवस द्या.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. कारण त्याच संध्याकाळी प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानं म्हणताना शेवटच्या शब्दाला माझी जीभ अडखळली. असतीजनपोषणता. इतकी वर्षं म्हणतेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे तर आपल्या घरातल्या फोनबद्दल चाललंय. का, ते पुढे सांगते. आधी माझी दोन घरं सांगते, कारण एका घरात कुत्रं होतं आणि दुसऱ्यात मांजर.

माझं माहेर दौंडचं. स्टेशनजवळ वडिलांचं किराणा दुकान. दौंड-मनमाड लाईन १८७८ साली सुरू झाली आणि दौंड जंक्शन झालं, तेव्हापासून गावाला रात्र अशी नाहीच. रात्री-बेरात्री माणसं उतरणार, हमाल जाणार-येणार. दुकानाच्या फळीखाली मोती झोपायचा. त्याला कोणी आणला नव्हता, तोच आला होता. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, हा आईचा नेम. मोती घरात कधी आला नाही. उंबऱ्यापर्यंत त्याची हद्द, ती त्याची त्यालाच ठाऊक. चौविहार असल्यामुळे आमची जेवणं दिवस मावळायच्या आत व्हायची, त्यामुळे मोतीचीही व्हायची. "आमचा मोती पण चौविहार करतो," असं आई कौतुकाने सांगायची.

बी.कॉम. झाले आणि लग्न होऊन शिरूरला आले. सासऱ्यांची, म्हणजे बापूजींची, आडत होती. ज्वारी, बाजरी, मूग, मटकीच्या पोत्यांच्या थप्प्या. तिथे कुत्र्याला काय काम? तिथे मांजर. एक गेलं की दुसरं यायचं, पण कोठार कधी मांजराविना राहिलं नाही. उंदरांना विष घालायचं नाही, सापळा मांडायचा नाही, हा बापूजींचा कडक नियम. वहीत घट-तूट लिहायचे, उंदरांनी खाल्लेलं त्यातच. मी नवी होते आणि कॉमर्स शिकलेली होते. एकदा धीर करून विचारलं, "बापूजी, पण मांजर उंदीर मारतंच ना? मग ते पाप कोणाच्या खात्यावर?" ते हसले आणि म्हणाले, "मांजराला मी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही." तेव्हा मला ते उत्तर पळवाट वाटलं होतं.

आता थोडं मागे जाऊ या. आपल्या शिरूर तालुक्यातच, घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने बरीच वर्षं उत्खनन केलं. साधारण ३६०० ते २७०० वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. गहू, जव, डाळी, तीळ असे दाणे सापडले. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांची हाडं सापडली, त्यांत कुत्राही आहे. मुंगूसही आहे. पण मी वाचलेल्या यादीत मांजर नाही. म्हणजे आपल्या नदीकाठी कुत्र्याची सोबत निदान तीन हजार वर्षांची.

मांजर माणसाजवळ आलं ते धान्याच्या मागे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. आणि सिंधू संस्कृतीच्या चन्हुदडोला तर एक गंमतच मिळाली. ओल्या विटेवर मांजराच्या पावलांचा ठसा आणि त्याच विटेवर कुत्र्याचाही. कुत्रं मांजरामागे धावलं असावं, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज! चार हजारांहून जास्त वर्षं झाली, भांडण अजून मिटलेलं नाही.

तेव्हा कुत्रं आलं माणसाच्या दारात आणि मांजर आलं धान्याच्या कोठारात. घरोघरचं शिंकं आणि जाळीचं कपाट मांजरामुळेच आलं. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. देवांमध्येही वाटणी झाली. दौंडपासून जवळच जेजुरी, तिथे खंडोबाबरोबर कुत्रा असतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. मांजराला मात्र मान मिळाला तो बंगालात, षष्ठीदेवीचं वाहन म्हणून.

आपल्या आगमात काय आहे? आचारांगात भगवान महावीरांच्या लाढ देशातल्या विहाराचं वर्णन आहे. तिथले लोक भगवंतांवर कुत्री सोडायचे, कुत्री चावायची. इतर श्रमण त्या प्रदेशात कुत्र्यांसाठी हातात काठी घेऊन फिरत. भगवंतांनी काठी घेतली नाही. दिगंबर परंपरेत जीवंधरकुमाराची कथा आहे. मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्ष झाला. म्हणजे चावणारं कुत्रंही मारायचं नाही आणि मरणारं कुत्रंही टाकायचं नाही.

मग असतीजनपोषणता काय? बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ उलगडला आहे. मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर आणि दासी यांना पैशासाठी पोसणं. मैत्रिणींनो, यातला "पैशासाठी" हा शब्द महत्त्वाचा. दारात आलेल्याला भाकरी घालण्याला तिथे मनाई नाही. जिवाचा धंदा करण्याला आहे. पंचवीस हजारांच्या पिल्लामागे एक आई कुठेतरी पिंजऱ्यात बाळंतपणांवर बाळंतपणं करत असते. धंदा विकणाऱ्याचा खरा, पण गिऱ्हाईक नसेल तर धंदा कसला? एवढं तर कॉमर्सच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मी काही महासतीजी नाही, चुकत असेन तर सांगा. पण माझी जीभ अडखळली ती इथे.

आता आपल्याला अभिमान वाटावा अशी एक हकिगत. मुंबईत ब्रिटिशांनी १८१३ पासून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर ठरावीक दिवस बेवारस कुत्री मारायचा नियम केला होता. १८३२ साली ती मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे ८ आणे बक्षीस लावलं. बक्षीस लागल्यावर काय होणार? पकडणारे घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी लोकांना कुत्रा पवित्र, मृत्यूनंतरच्या विधीतही त्याचं स्थान. ६ जूनला पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला आणि त्यात जैन, हिंदू, इस्माईली व्यापारीही सामील झाले. कुलाब्याच्या सैन्याची रसद अडली. पुढे दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. उभी करणारे जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीचंद अमीचंद, म्हणजे शत्रुंजयावर ज्यांची मोतीशा टूंक आहे ते मोतीशा शेठ. पांजरपोळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाय येते. पण मुंबईची पांजरपोळ निघाली ती कुत्र्यांसाठी!

मांजराची पाळी आली ती प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, प्लेग उघड झाला. १८९७ मध्ये पुण्यात हाहाकार झाला. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. उंदरावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं. मग १९०८ च्या सुमारास भारतात काम करणाऱ्या ब्युकॅनन नावाच्या लष्करी डॉक्टरने लिहिलं की ज्या गावांत मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, तेव्हा घरोघर मांजर पाळा. आता आपल्याला ठाऊक आहे की मांजरालाही प्लेग होतो, म्हणून तो उपाय काही पुरा नव्हता. पण आडतीतल्या मांजराला कोणी का हाकललं नाही, हे मला त्यावरून उमगलं.

आता जे सांगायचं मी टाळत होते, ते सांगते.

बापूजी गेले, आडत बंद झाली. कोठारातल्या शेवटच्या मांजरीचं पिल्लू मी घरी आणलं. मनी. मला वाटलं, आता धान्य नाही, उंदीर नको, या जिवाला आपण अहिंसेत वाढवू. खिडक्यांना जाळ्या लावल्या. दूध-पोळी, दूध-भात, कधी वरण. दोन वेळा ताजं. मनी बाहेर गेली नाही, तिने एकही उंदीर मारला नाही. स्थानकात मी हे कौतुकाने सांगायची आणि बायकाही "वा!" म्हणायच्या. तीन वर्षांनी मनी पाटाला धडकू लागली. वाटीपाशी येऊन वाटी शोधायची. मी तिला पुण्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, मग मला विचारलं, "हिला खायला काय देता?" मी अभिमानाने सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, मांजराला टॉरीन नावाचा घटक लागतो. तो मांसात असतो, दुधा-भातात जवळजवळ नसतो. कुत्र्याचं शरीर तो स्वतः बनवू शकतं, मांजराला पुरेसा बनवता येत नाही. तो नसला की आधी डोळे जातात, मग हृदय." अमेरिकेतल्या संशोधकांना हे १९७५ मध्येच कळलं होतं. मला कळायला मनी आंधळी व्हावी लागली.

त्यांनी औषध दिलं, पण गेलेली दृष्टी आली नाही. पुढची दोन वर्षं मनी माझ्या पायाच्या आवाजावर घरात फिरली. मी मुद्दाम पैंजण घातले होते.

त्या दिवसापासून बापूजींचं उत्तर मला वेगळं ऐकू येतं. मांजराला मी बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. त्यांनी मांजराला मांजर राहू दिलं. मी माझं व्रत तिच्यावर लादलं. माझ्या पुण्याची किंमत तिने डोळ्यांनी भरली.

कुत्र्याचं तसं नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांची तुलना केली. माणसाजवळ राहून कुत्र्याचं शरीर पिष्टमय अन्न पचवायला तयार झालं आहे, असं त्यांना दिसलं. आमचा मोती भाकरी-वरणावर वाढला तो काही चमत्कार नव्हता. तरी नुसत्या पोळीवर ठेवू नका, डाळ, भाजी घाला आणि डॉक्टरांना विचारा. एक गंमत सांगते. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषासारखे असतात. तेवढ्यापुरतं आपलं स्वयंपाकघर त्यांना आधीच मानवणारं. मनुके आणि चॉकलेट मात्र नको.

जागेचाही विचार हवा. माझ्या जावेची शेती घोडनदीच्या काठी, सगळीकडे ऊस. तिथे राखणीचं कुत्रं बिबट्या उचलून नेतो. अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात तर माणसं गेली, लहान मुलं गेली. जाऊबाई आता कुत्रं रात्री आत घेतात. पूर्वी कुत्रं माणसाला राखायचं, आता माणूस कुत्र्याला राखतो. बिबट्याही मांजराच्याच कुळातला आणि त्यालाही भूक आहेच. आपल्याला सोपी उत्तरं हवी असतात, ती इथे नाहीत.

दोन आठवड्यांनी मी नातीला फोन केला. म्हटलं, "बाळ, मांजर चांगलं की कुत्रं, हा प्रश्नच आपण उलटा विचारतोय. त्या जिवाला काय लागतं आणि आपलं घर ते देऊ शकतं का, हे विचार. मांजराला जे लागतं, ते तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात येणार नाही. म्हणून मांजर आपलं शेजारी बरं. दारात आलं तर पाणी ठेव, पिल्लं घातली तर हाकलू नको, कोंडू मात्र नको. कुत्रं तुमच्या ताटातलं खाऊन जगेल. पण विकत नाही आणायचं."

सुनेला एवढंच म्हटलं, "तुमच्या गल्लीत पिल्लं असतील ना? पंचवीस हजारांतले थोडे रेबीजच्या लसीला आणि नसबंदीला ठेव, उरलेले पांजरपोळीत दे." ती जरा गप्प बसली. तिला ते जातीचं पिल्लू फार आवडलं होतं, मला कळत होतं. मग म्हणाली, "बघते, आई."

परवा फोटो आला. सोसायटीच्या गेटजवळचं तपकिरी पिल्लू, एक कान उभा, एक पडलेला. पायपुसण्यावर बसलंय, उंबऱ्याच्या आत. मी म्हटलं, मोती ठेवा नाव. नात म्हणाली, "आजी, त्याचं नाव ब्रुनो आहे." चालायचंच.

कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. आणि मनीलाही.